उचलून पाहायचं नाही

मोटार थांबली आणि वारा ऐकू आला.
पहाटेपासून पत्र्याशी झोंबतच होता तो,
पण सहा यंत्रं आणि चारशे मेंढ्यांच्या गलक्यापुढे
पातागोनियाचा वारासुद्धा बापुडा.

मग एलेउतेरिओ म्हणाला, "अरे."
एवढंच. खिशातून किल्ली पडावी तसं.

मेंढीनं लाथ झाडली होती
आणि कातरायची फणी त्याच्या डाव्या हातावर,
मनगटाच्या वर, आतल्या मऊ बाजूनं,
लोकर समजून चालून गेली होती.
जखम आधी पांढरी दिसते. क्षणभर कोरडी.
मग आठवल्यासारखं भळाभळा.

कुणी म्हणालं, राख भरा. कुणी साखर.
म्हाताऱ्या कासिमिरोनं तोंडातला तंबाखू काढून
पुढे केला, प्रेमानं.

मी लोकर निवडणारी, ओतिलिया.
गेल्या हिवाळ्यात गावच्या शाळेत
पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीशी घेऊन
चार शनिवार शिकले होते.
नर्स दोमितिलानं मेंढीच्या फऱ्यात नळी खुपसून
बिटाचा रस सोडला होता. आम्ही खूप हसलो.
(संध्याकाळी त्याच फऱ्याचा रस्सा झाला, गुलाबी.)
ती हसली नव्हती. म्हणाली,
"दाबा. तळव्यानं, अंगातल्या सगळ्या वजनानं.
आणि उचलून पाहायचं नाही.
पुडी उघडून बघायची खोड घरी ठेवून या."

हातांत चढवल्या पावाच्या रिकाम्या पिशव्या,
स्वयंपाकघराच्या दोरीवरचा धुतलेला फडका ओढला,
त्याला लोकरीच्या ढिगावर आडवा केला
आणि दाबलं.
त्यानं शिवी दिली. चांगली, लांबलचक.
शिवी देणारा माणूस शुद्धीवर असतो.

फडका भिजला. काढला नाही. त्यावर दुसरा.
कुणीतरी जिनची बाटली आणली; म्हटलं, तूच पी,
पण आधी पांघरूण आण.

दवाखाना एकशेदहा किलोमीटर, सगळी खडी.
पिकअपच्या हौद्यात तो, मी, आणि एक कुत्रा
ज्याला कुणी बोलावलं नव्हतं.
दोन हंगाम आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.
माझ्या भावाला टोळीतून काढलं ते ह्यानंच.
आता ह्याचा हात वर धरून
मी गुडघ्यांवर बसले होते.
जीव मुठीत धरून बसणं म्हणतात ना,
तो जीव दर वेळी आपलाच असतो असं नाही.

"थांबलं का? बघ ना जरा."
"नाही."
"एकदाच. कोपरा उचलून."
"नाही."
बघायचं तर मलाच होतं, त्याच्याहून जास्त.
अंगठे बधिर. खाली काही पाझरतंय
की माझाच घाम, कळेना.
गुआनाकोंचा कळप आडवा आला, ब्रेक लागला,
आम्ही तिघं एका कोपऱ्यात घरंगळलो.
हात सुटला नाही.

चाळिसाव्या किलोमीटरला तो म्हणाला, "तुझ्या भावाचं ते…"
"आत्ता नको," मी म्हटलं,
"दाबलंय तसंच राहू दे."
मग मी त्याच्या पोरीचं विचारत राहिले:
कितवीत आहे, दात पडले का, पोहता येतं का,
कुठल्या भाजीला नाक मुरडते.
उत्तरं तुटक यायला लागली
की मी प्रश्न मोठ्यानं विचारायचे.
कुत्रं दर वेळी मान वर करायचं.

दवाखान्यात दोमितिलाच होती.
माझी बोटं तिला एकेक करून सोडवावी लागली.
"सोड आता," म्हणाली, "आता माझ्याकडे."
आणि तिनं फडका उचलला.

एवढा रस्ता जे पाहायचं होतं ते समोर आलं
तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होते.
नोव्हेंबर. कुठल्याशा टायरच्या दुकानाचं.

नंतर मोरीत पिशव्या उलटून काढल्या.
बाहेरून त्या बघवत नव्हत्या.
आत, बोटांच्या टोकाशी,
पावाचा चुरा होता थोडा,
कोरडा.