शेड ए-थ्री

लॅमिंग्टन रोडला, वायरी-कंडेन्सरच्या दुकानांवर
दुसऱ्या माळ्यावर मी दात करते.
चिठ्ठी येते: गुलचेर मिस्त्री, वय एकाहत्तर,
वरचा डावा दुसरा, शेड ए-थ्री.
बाईंना मी पाहिलेलं नाही. त्यांचा चावा मात्र
पिवळ्या प्लास्टरमध्ये माझ्या टेबलावर.

पूड पिठीसारखी: फेल्डस्पार, गारगोटी,
चिमूटभर चिनी माती.
म्हणजे डोंगरच, फार दळलेला.
कुंचल्याच्या टोकावर ओला करून थर चढवायचा,
टिशूने पाणी टिपायचं, पुन्हा थर.
आणि मोठा घडवायचा,
हवा त्याहून पाचवा हिस्सा मोठा,
कारण भट्टीत सगळं आकसतं.
नवी पोरं विसरतात. सबिना पहिल्या आठवड्यात
उंदराचे दात करत होती.

नऊशेतीस अंशांवर त्याला घाम फुटल्यासारखी चकाकी येते.
तेवढ्यातच काढायचा.
जरा उशीर, की कडा गोलावतात
आणि दाताचा साबुदाणा होतो.

टिकेल ना, विचारतात.
दाबलंत तर हाडाहून जास्त सोसेल.
वाकवायला गेलात तर तुटेल.
मधलं काही त्याला येत नाही.
आमच्या घरात एक होते असे.

अण्णांचा पुढचा दात मीच केला.
त्यांना पांढराशुभ्र हवा होता, नाटकातल्या राजासारखा.
मी कडेला तपकिरी रेघ ओढली,
चाळीस वर्षांच्या चहाची, केसाएवढी.
तीन दिवस बोलले नाहीत.

चंदनवाडीत राख सावडताना
भाऊ मडक्यात अस्थी वेचत होता,
आणि मला तो दिसला.
काजळी धरलेली. अंगठ्याने पुसली
तर रेघसुद्धा जागेवर.
आगीला तो आधी पाचदा भेटलेला.

गुरुजी म्हणाले, टाका यातच.
मडकंही भाजलेलंच, पण मंद आचेचं,
बुडाला ओल आलेलं.
मी मूठ उघडली नाही.

आता ड्रॉवरमध्ये असतो, शेड-गाइडच्या शेजारी.

मिस्त्रीबाईंना रेघ हवी की नको
चिठ्ठीत लिहिलेलं नाही.
डॉक्टरांना फोन लावते: चहा घेतात का हो त्या?
ते हसतात. पुदिना, गवती चहा, दिवसातून सहा वेळा.

मग तपकिरीत कणभर हिरवं.
ओलं असताना कळत नाही.
भाजून आल्यावर बघू.