सूतभर

दुकानदार म्हणाला, सगळं सगळ्यात बसतं.
पस्तीस मिलिमीटरची पट्टी, जगभर एकच माप,
कुठल्याही कंपनीचा एमसीबी घ्या,
मागची कुंडी ओढा, लावा,
टक्.

आणि खरंच टक् होतं.
त्या आवाजावर मी पहिलं वर्ष काढलं.

कोपरखैरणे, सेक्टर सहा.
सिडकोचं बैठं घर, त्यावर मागून चढवलेले दोन मजले,
वाघचौरेबाईंच्या जिन्याखाली मीटरशेजारी पेटी.
पेटीची कंपनी केव्हाच बंद पडलीय,
झाकणावर तिच्या नावातली दोनच अक्षरं उरलीत.
पाच खटके जुन्या दातांसारखे पिवळे,
सहावा, गीझरचा, मेलेला.

मढवीकाकांनी नवा लावला. टक्.
बाईंनी पर्स उघडली.
काका म्हणाले, थांबा. गीझर चालू करा. चहा ठेवा.

चहा पिऊन झाला, कप विसळून झाले,
तेव्हा काका उठले आणि बोटांची पाठ
खटक्याला टेकवली,
तापातल्या पोराच्या कपाळाला टेकवतात तशी.
काही बोलले नाहीत. मेन पाडला.

मला बॅटरी धरायला लावली.
आत तांब्याची पट्टी असते, कंगव्यासारखी,
तिचा एकेक दात एकेका खटक्याच्या तोंडात जातो.
जुन्या पाचांची तोंडं एका रेषेत.
नव्याचं सूतभर वर.
दात आत गेला होता, पण टोकापुरता.
स्क्रू आवळला होता, पण कशावर,
ते स्क्रूलाच माहीत.

"बसला म्हंजे जुलला नाय गो," काका मला म्हणाले.

बाई म्हणाल्या, पण चालत होतं ना?
चालतंच हो, काका म्हणाले, तेच तर वाईट.
लगेच बंद पडलं असतं
तर कुणी बोंब तरी मारली असती.

मग नव्या पेटीचा आकडा, सहा खटक्यांचा, मजुरीचा.
बाईंनी ऐकलं, पर्सची चेन लावली,
म्हणाल्या, तोवर पाणी गॅसवर तापवू.
काकांनी गीझरची वायर सोडवून टोकाला टेप गुंडाळली,
पैसे घेतले नाहीत,
चहा मात्र अजून अर्धा कप मागितला.

मी बॅटरी बंद करायची विसरले होते.

घणसोली. तिसरा मजला. गेल्या वर्षीचा गणपती.
मी एकटीच गेले होते, पहिल्यांदा.
पेटी एका कंपनीची, खटका दुसऱ्या,
पाय पट्टीत शिरेना.
कानस काढली आणि त्याचा पाय घासला,
पांढरा भुगा ओढणीवर सांडला, तो फुंकून टाकला.
टक्.
आजोबा म्हणाले, काय हात आहे पोरीचा!
साडेतीनशे रुपये.
आईच्या चपला त्यातल्याच.

तेव्हापासून बस तिथून जाते आणि मी वर बघते.
खिडकीत उजेड दिसला की बरं वाटतं,
आणि पुढच्याच थांब्यापर्यंत कळतं
की उजेड आहे म्हणजे करंट वाहतोय,
म्हणजे तिथं कुठेतरी तापतंय.
अंधार असला तर
गावाला गेले असतील, म्हणते.

स्कूटरवर मागे बसून काकांना सगळं सांगितलं,
त्यांच्या पाठीला. तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं.
का केलंस, असं त्यांनी विचारलं नाही.
"कितवा माला?"
तिसरा.
त्यांनी सिग्नलला स्कूटर वळवली.

लिफ्ट नव्हती.
दर पायरीला काकांचा गुडघा वाजत होता.
दारावर तीच पाटी, खाली नव्या चपलांचे दोन छोटे जोड,
मागच्या वेळी नव्हते.
पिशवीत टेस्टर, एक नवीन खटका,
त्याच कंपनीचा, पेटीच्या.
काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

बेल दाबली.
वाजली.