चिमटीतली माती

खानापुरात आमच्या गल्लीत
मलप्रभेकाठची माती गाडीतून उतरली
की आधी कुणी भाव विचारत नाही.
चिमूटभर घ्यायची, अंगठा आणि बोट
हळू दूर न्यायचं.
तुटली तर वाळू जास्त.
ताणली तर चाकावर चढेल.

हे मला लग्नाआधीपासून येतं.
तरी आपल्याच अंगाची ओल
अशीच धरून बघावी
हे सांगायला नंदगडहून
सिस्टर एव्हलीना यावी लागली,
तीही सातव्या वर्षी.

त्याआधी बेळगावच्या डॉक्टरनं
चौदावा दिवस सांगितला होता.
चौदावा म्हणजे चौदावा.
भरमाणी त्या रात्री कौलांचा ट्रक धारवाडात सोडून
शेवटच्या बसनं यायचा,
धुळीनं माखलेला, आज्ञाधारक,
आणि आम्ही दोघं
तहसीलदाराकडं अर्ज द्यावा तसं
ते काम उरकायचो.
माझी पाळी पस्तीस दिवसांची आहे,
हे डॉक्टरनं विचारलं नाही.
मीही कुठं मोजली होती?
आईनं शिकवलं ते बाजूला बसायला.

पहाटे, उठायच्या आधी, बोलायच्या आधी
थर्मामीटर जिभेखाली.
दाराआडून सासूबाई,
"रोज उठून ताप बघालीस, बरं न्हाई काय?"
"बरंच हाय की, आत्या."
कॅलेंडर सोसायटीचं, कानडी आकड्यांचं.
त्यावर पेन्सिलीनं मराठीत माझं अंग.
९७.३. ९७.४. ९७.२.
कोरडं. कोरडं. खळीसारखं चिकट.
मग एका बुधवारी, विसाव्या दिवशी,
न्हाणीतल्या झरोक्याच्या उजेडात
दोन बोटांमध्ये एक तार,
अंड्याच्या पांढऱ्यासारखी,
लांबत गेली, तुटेचना.

मी एकटीच हसले.
सहा वर्षं आम्ही वाळूच मळत होतो.

दोन दिवसांनी आकडा चढला
आणि तिथंच बसून राहिला,
भट्टी झाकल्यावर आच राहते तसा.

शेजारची नीलव्वा पाळीला मुट्टू म्हणते.
मुट्टू म्हणजे शिवणं.
आमच्यात कावळा शिवतो.
पाट्यांना काळं फासणाऱ्या पोरांनो,
बघा, या एका गोष्टीत
दोन्ही भाषांचं भांडण नाही.
तिला कुणी शिवलंय, आता तिनं कशाला शिवू नये.
पण नीलव्वाकडं महिन्याला तिंगळ म्हणतात
आणि चंद्रालाही तिंगळच.
तो शब्द मी उसना आणलाय.
विरजणाची वाटी परत केली, तो नाही करणार.

भरमाणीला सांगायला लाज वाटली आठ दिवस.
मग वीज गेली, तेव्हा सांगितलं.
बराच वेळ काही बोलला नाही.
अंधारात म्हणाला,
"मग मला उगंच पळवलं की गं त्यानं."
आता जेवताना, आईसमोर, ताटात बघत विचारतो,
"माती कशी हाय आज?"
"कालचीच की," सासूबाई सांगतात, "वाळू हाय जरा."
मला ठसका लागतो.

गेल्या सोमवारी आकडा खाली आला.
रक्ताआधी कळलं मला.
पूर्वी हा दिवस
पाठीमागून येऊन ढकलायचा.
आता दारात चप्पल काढल्याचा आवाज येतो,
मग आत येतो.
रडू आलं. थोडं.
नीलव्वानं विचारलं नाही काही,
तिच्या दोरीवर माझ्या कापडाला
उन्हाकडची जागा दिली.

परत येऊन मातीच्या ढिगाशी बसले.
"शिवू नको गं आज," सासूबाई म्हणाल्या,
पण उठल्या नाहीत.
मनगटापर्यंत हात घातले.
गार होती.
चिमूटभर घेऊन ताणून बघितली.

अजून दोन दिवस.