टिंबांची डबी

पप्पांच्या वर्षाच्या प्रार्थनेला
रेव्हरंड भांबळ आमच्या नाना पेठेतल्या खोलीत
पंख्याखाली बसून म्हणाले,
शास्त्रातला काना ढळणार नाही, मात्रा ढळणार नाही,
आधी आभाळ जाईल.
थिओफिल म्हणाला, आमेन.
मी चहात साखर घालत होते,
किती चमचे झाले ते विसरले.

कारण मात्रा ढळलेली मला ठाऊक आहे.

शद्रख ओहोळ, खिळे जुळवणारा,
पॉवर हाउसमागच्या छापखान्यात एकतीस वर्षं.
सकाळी सायकल, डब्यात सुकटीची चटणी,
आणि दिवसभर बोटांखाली देवाचं बोलणं,
आरशातल्यासारखं उलटं.
बासष्ट साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले:
जे अनुस्वार उच्चारत नाही ते लिहायचे नाहीत.
‘नाहीं’ होतं त्याचं ‘नाही’ झालं.
जे ‘देवानें’ केलं होतं
ते आता ‘देवाने’ केलं.
पप्पा चिमट्याने एकेक टिंब उपटायचे
बांधून ठेवलेल्या पानांतून,
तांदळातले खडे काढावेत तसे.
हजारो.
बाकी सगळी वितळायला गेली,
मूठभर घरी आली, तपकिरीच्या डबीत.
छापखान्याचं नुकसान, आई म्हणायची, चोरीच ती.

आठ वर्षांची होते मी.
संडे स्कूलच्या फळ्यावर मखमलीचं तारू चिकटवलं होतं,
खिडकीतून जिराफ मान काढून.
घरी येऊन विचारलं, सगळी पृथ्वी बुडाली?
घोरपडी पण? सिंहगड पण?
मग एवढं पाणी गेलं कुठे?

पप्पा सायकलची चेन पुसत होते.
म्हणाले, पानशेत फुटलं तेव्हा मी शनिवारात
बापू लोणकराच्या घरातला गाळ उपसत होतो.
तिसऱ्या दिवशी त्याची आई पायरीवर बसली
आणि म्हणाली, सगळं जग गेलं रे.
कँपात त्या दिवशी पाव भाजले जात होते.
मी म्हातारीला खोटं म्हणालो नाही.

हे काही उत्तर नव्हतं.
मला जिराफाचं काय ते हवं होतं.

पुढे जिराफ सुटला. पूर सुटला.
सहा दिवस सुटले, माशाचं पोट सुटलं,
सुटताना काही तुटलं नाही, मजाच वाटली,
दुधाचा दात जिभेने हलवावा तशी.
पण आई गेली,
आणि कबरस्तानात ओल्या मातीपाशी उभी असताना
हललं ते दाढेसारखं.
तो तिसरा दिवस, ती बाजूला सरकलेली धोंड,
पहाटे तिथे गेलेल्या बाया.
त्याही पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याच का, पप्पा?
सगळं जग परत आलं रे, असं म्हणणाऱ्या?

घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत.
मग रिक्षाचे पैसे देता देता म्हणाले,
ती ओळ मी पुष्कळदा जुळवली.
दर वेळी प्रूफ दोनदा वाचलं.
मूळ प्रत कुणी पाहिली नाही, पोरी,
आपल्यापर्यंत येतात ती प्रुफंच.
आणि रात्री नेहमीसारखे गुडघ्यांवर बसले,
नेहमीपेक्षा जास्त वेळ.
त्यांना विश्वास होता की सवय, मला कळलं नाही.
त्यांना कळलं होतं का, तेही नाही.

भांबळ गेले. बश्या विसळल्या.
मी यातलं काहीच त्यांना बोलले नाही.
एक चहा फार गोड झाला, एवढं ते म्हणाले.

थिओफिल कपाट आवरत होता.
डबी सापडली तशी म्हणाला, टाकून दे,
शिसं विषारी असतं.
मी ती कानाशी धरून हलवली.
न उच्चारल्या जाणाऱ्या टिंबांचा
बारीक, वाळूसारखा आवाज आला.