बिनआवाजाचा कूलर

मे महिन्यात रोशन धकातेचा फोन आला,
सोळा वर्षांनी, आणि तो ओरडला नाही.
"कूलर पाहिजे बे, आवाज न करणारा.
धरमपेठेत सेंटर टाकलं. श्वासाचं."

श्वासाचं.
मी हातातला पान्हा खाली ठेवला.
याच माणसानं गोळीबार चौकातल्या मंडपात
माइक दातांत धरून
कोरड्या नळावर गाणं म्हटलं होतं, सव्वा मिनिटाचं,
आणि मंडळाच्या खजिनदारानं
नारळाच्या कोयत्यानं आमची वायर तोडली होती.

बँडचं नाव भारनियमन.
तीन सूर, त्यातला एक उधार.
रोशनचे केस उभे राहायचे बापाच्या खळीनं,
मागावरच्या ताण्याला लावायची तीच,
मैद्याची, आंबूस.
दुसऱ्या गाण्यात ती कपाळावरून ओघळायची,
तिसऱ्यात माश्या यायच्या.
मी ड्रम कुठं शिकलो नाही.
त्यांच्या ओसरीत माग चालायचा,
त्याच्या खटक्यांवर मी
डालड्याच्या डब्याला मारत बसायचो, एवढंच.

मग माग भंगारात गेला, किलोच्या भावानं.
रोशन मुंबईला. तिथल्या एका कंपनीनं
आधी त्याचे केस कापले,
मग त्याच्याकडून राग मागवला:
तीस सेकंदांचा, बुटांच्या जाहिरातीसाठी,
पंधराचा, शीतपेयासाठी,
आणि एक छोटा, मोबाइलची घंटी म्हणून.
हे मला त्याच्या आईनं सांगितलं,
कूलरची जाळी बदलताना,
अभिमानानं.

सेंटर पांढरं. कोपऱ्यात माठ.
संत्र्याच्या सालीच्या तेलाचा वास.
काउंटरवरची पोरगी कुजबुजली, "काका, चप्पल."
एकवीस दिवस, अकरा हजार, जीएसटी वेगळा.
भिंतीवर लिहिलेलं: ताण सोडा.
मी म्हटलं, "तुझा बाप ताणा ताठ करायचा,
तू ताण सैल करून राहिला. धंदा घरचाच."
तो हसला. पुढचा दात
अजून तुटलेलाच आहे. माइकनं तुटलेला.

आत चटयांवर कोळसा खाणीतले एक साहेब,
एक शिकवणीवाले सर, दोघी वहिन्या,
पोटावर हात ठेवून.
रोशन त्यांना हळू आवाजात मोजून देत होता,
चार आत, चार थांबा, सहा बाहेर,
आणि मला, शपथ सांगतो,
आमच्या नळाच्या गाण्याची मोजणी ऐकू आली.
फक्त शेवटी कोणी ओरडलं नाही.

मी कूलर बसवला. मोटरखाली
सायकलच्या ट्यूबचे तुकडे, पात्यांना तेल,
ताजा वाळा, पाण्याला उतार.
मुंगी चालली तर तिचा आवाज यावा, असा.
लोक गेले. मी बटण बंद केलं.
रोशन तसाच बसून. म्हणाला,
"आता बंद कर ना बे."
"केव्हाचाच बंद आहे."
त्यानं डाव्या कानावर तळहात दाबला,
मग काढला, मग दाबला.
"मग हे आहे," म्हणाला. "सुईईई.
गोळीबार चौकापासून चालू आहे.
रात्री जास्त.
डॉक्टर म्हणतो, सवय करा."

पुढं दोघं काही बोललो नाही.
त्यानं पैसे पाठवले, आणि माझ्या खिशातला फोन
त्या पांढऱ्या खोलीत खणखणीत बोलला:
चार हजार दोनशे रुपये प्राप्त झाले.
पोरगी दचकली. रोशन इतका हसला
की त्याला खोकला आला,
चार आत, सहा बाहेर, सगळं विसरून.

पाणी तपासतो म्हणून मी पुन्हा मागं गेलो.
मोटरचा एक वायसर सैल केला,
अर्धा आटा, जास्त नाही.
चालू केल्यावर कूलर घुमला,
खालच्या पट्टीत, जरा किरकिरत,
एखाद्याच्या कानाला टेकायला पुरेल इतका.
रोशननं मान वर केली. माझ्याकडं बघितलं.
"आवाज येऊन राहिला."
"येईल थोडा," मी म्हटलं. "नवा आहे."

जून संपत आला.
अजून त्याची तक्रार आली नाही.