न उच्चारलेलं अक्षर

रविवारी मध्यरात्री सिस्टिम अपग्रेड झाली,
निमूट, एकही कुरकुर न करता.
रान्वानं पट्टी शंभरावर पोचलेली पाहिली,
कॉफीचा कप विसळला, कोट उचलला,
आणि एक हात बाहीत, एक बाहेर असताना
सर्व्हर पडला.

उठला. आपला आपणच उठला.
चार मिनिटांनी पुन्हा पडला.

तोर्शाव्नच्या धक्क्यावर, मासळीच्या गोदामावरचं हे ऑफिस.
खाली तीन फेरीबोटी दोरांना हिसके देत उभ्या,
त्यांचं वेळापत्रक, तिकिटं, रद्द झाल्याच्या सूचना
सगळं या एका डब्यात.
हानुसला फोन लावला. तो झोपेतून म्हणाला,
"बॅकअपवर परत जा."
बॅकअप गुरुवारचा.
शुक्रवारी अख्ख्या बेटांनी नाताळची तिकिटं काढलेली.
"झोप तू," ती म्हणाली.

मेमरी बघितली: मुबलक.
डिस्क: अर्धी रिकामी.
सर्टिफिकेट मार्चपर्यंत जिवंत.
मग एकेक मॉड्यूल बंद करत गेली,
स्वयंपाकघरात कुठून वास येतोय म्हणून
एकेक डबा उघडून हुंगावा तशी.
लॉगमध्ये दर वेळी तीच ओळ:
प्रोसेस गेली, सिग्नल सहा.
वेळ आणि क्रमांक. बाकी काही नाही.

तीन वाजता तिच्या लक्षात आलं,
पडण्याआधी शेवटी मागितलेलं पान
दर वेळी एकच आहे.
व्हियानेसची सकाळची फेरी.
व्हियानेस! अकरा माणसं, एक दीपगृह,
आणि उतारावर मोजता येणार नाहीत इतक्या मेंढ्या.

वेळापत्रकाचा तो तुकडा बाइनिरनं लिहिलेला,
रान्वा शाळेत होती तेव्हा.
वर त्याचाच शेरा:
"सगळ्यात लांब नाव व्हियानेस. सात अक्षरं.
शेवटच्या शून्याला एक. आठ. पुरे."

सात अक्षरांतलं तिसरं म्हणजे एड,
मानेवर आडवी काडी घेतलेला वाकडा डी.
ते तिथं कुणी उच्चारत नाही.
मुलं शुद्धलेखनात विसरतात आणि गुण घालवतात.
आपल्याकडे एके काळी शब्द
न वाजणारे अनुस्वार डोक्यावर घेऊन फिरत,
तसलंच काहीतरी:
लिहायचं, म्हणायचं नाही.

जुन्या यंत्रात ते एका बाइटात मावायचं.
नव्यात जगातली सगळी अक्षरं बसवायची,
म्हणून या मुक्याला दोन जागा मिळाल्या.
आठाचे नऊ झाले.
आणि नवा पहारेकरी असा खमका
की उंबऱ्याबाहेर एक बोट दिसलं
तरी घरच पाडून टाकतो.

रान्वा एकटीच हसली, मोठ्यानं.
खालच्या बर्फाच्या यंत्रानं घरघर केली.

आठ खोडून बत्तीस केले.
पुन्हा बांधलं, पुन्हा सुरू केलं.
आणि नोंदीतला नंबर शोधून
पाच वाजून दहा मिनिटांनी
व्हियानेसला फोन केला.

पहिल्याच घंटेला उचलला.
रेगिन. आवाज गालातून आल्यासारखा.
"दाढ," तो म्हणाला, "रात्रभर.
सकाळची बोट आहे का तेवढंच बघत होतो.
पान उघडेना. वाटलं, माझाच फोन गेला,
म्हणून दाबत राहिलो."
"किती वेळा?"
"मोजलं नाही."

"आता दाबा."

तिकडे वारा. एक कुत्रा. मग तो वाचू लागला,
शाळेतल्यासारखा, सावकाश:
"सकाळची फेरी रद्द. लाटा चार मीटर."
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
"लवंग आहे का घरात?" तिनं विचारलं.
"बघतो," तो म्हणाला. "कळलं तरी एकदाचं."
"अजून एकदा दाबाल?"
त्यानं दाबलं. सर्व्हर उभा होता.
फेरी रद्दच होती.

बाइनिरच्या शेऱ्याखाली
तिनं तारीख टाकली, आणि थोडं थांबून:
"बत्तीस. बहुतेक पुरे."