कार्डावर मावेल तेवढं

मॅनेजर म्हणाला, मॅडम, स्वतःबद्दल थोडं लिहून द्या,
भिंतीवर फोटोखाली लावायचंय.
मजेशीर, पर्सनल. बाकी सगळ्यांनी दिलं.
रोनितने लिहिलंय: कुत्रे आवडतात, पनीर आवडतं,
सोमवार आवडतो.

तर, वनिता मढवी.
वय एक्केचाळीस, खरं.
जिम कोपरखैरणेत, सोनोग्राफी सेंटरच्या वर.
घर घणसोली गावात, देवळामागे.
पत्ता सांगितला की लोक विचारतात, सेक्टर कुठला?
आमच्या घराला सेक्टर नाही.
सेक्टर नंतर आले.

खाते काय, हे सगळ्यांनाच हवं असतं.
भात. रात्रीसुद्धा भात.
वांग्यात सुकट असेल तर दोनदा.
ओट्स मी लिहून देते,
डॉक्टर कडू औषध लिहून देतो तसे.

पोहता येत नाही.
खाडीकाठची पोर आणि पोहता येत नाही,
हे नको लिहायला.

डावा खांदा पूर्ण वर जात नाही.
बॅचसमोर तोंड करून उभी राहते,
उजवा हात उचलते, तुम्ही डावा उचलता,
सगळं आरशासारखं जुळतं,
बारा वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही.
कशाने झालं विचारलंत तर सांगते, वजनाने.
खोटं नाही.
अठ्ठ्याहत्तर किलो होतं,
आणि ते मी उचलत नव्हते.
तो हल्ली वापीला असतो.

मिसेस कुरियन, वय एकाहत्तर, वाशीला नर्स होत्या.
पहिल्या दिवशीच म्हणाल्या, मला बारीक नाही व्हायचं.
मला जमिनीवरून उठता आलं पाहिजे,
कोणाला हाक न मारता.
चार महिने खुर्ची धरून, मग खुर्चीला नुसतं बोट लावून,
मग खुर्ची नुसती शेजारी, देवासारखी.
फेब्रुवारीत उठल्या.
उठल्या, आणि लगेच पुन्हा खाली बसल्या,
खात्री करून घ्यायला.
त्या दिवशीची फी मी घ्यायला विसरले,
त्या द्यायला विसरल्या नाहीत.

आईची शुगर दोनशे नव्वद.
चल म्हटलं, देवळापर्यंत तरी चल,
तर म्हणते, तू लोकांच्या आयांना चालवतेस
पैसं घेऊन.
मला फुकटचं नको.

बाबा खाडीपलीकडे, भांडुपच्या मिठागरावर.
होडीने जायचे, ओहोटी लागली की
चिखलातून होडीच न्यायची.
एकदा मलाही नेलं होतं. सात वर्षांची असेन.
डोळे मिटले तरी पांढरं दिसत होतं.
टोपली उचलताना ते आधी गुडघ्यात बसायचे,
पाठ सरळ, टाचा रोवलेल्या, श्वास धरलेला,
उभं राहिल्यावर सोडलेला.
हेच मी पुढे वाशीला शिकले, सहा महिने,
बत्तीस हजार भरून, सर्टिफिकेटसकट.
सर म्हणाले, तुमचा फॉर्म नॅचरल आहे.
मी म्हटलं, थँक्यू सर.

आणि ते टोपल्या मोजायचे.
पहिलीला एक म्हणायचे नाहीत.
लाभ म्हणायचे.
लाभ, दोन, तीन, चार,
असं शंभरपर्यंत, आणि मग पुन्हा लाभ.
लाभ कोणाचा, ते मालकाच्या वहीत.

मी इंग्रजीत मोजते, सकाळच्या बॅचला हिंदीत,
कुरियन मॅडमना कधी मल्याळममध्ये, त्यांनी शिकवलंय तेवढं.
पण पहिला आकडा मोठ्याने म्हणत नाही.
ओठ हलतात फक्त.
त्यांना वाटतं, मी श्वास घेते आहे.

हे सगळं मोबाइलवर टाइप करून मॅनेजरला दाखवलं.
तो खालीवर करत राहिला.
लाभ म्हणजे प्रॉफिट ना? हे मस्त आहे, म्हणाला.
पण कार्डावर चारच ओळी मावतात.

सहाची बॅच मॅट अंथरत होती.
उभ्याउभ्या लिहून दिलं:

वनिता मढवी.
अनुभव बारा वर्षं.
भात आवडतो.
पोहता येत नाही.